शेजारचे दोन फ्लॅट एकत्र करायचे आहेत, मदत हवी आहे (तातडीचं)

निशिगंधा: शेजारचा फ्लॅट गेल्या महिन्यात घेतला. मधली भिंत काढून हॉल सलग करायचा आहे. सोमवारी कंत्राटदार माणसं घेऊन येतोय, आणि आज सेक्रेटरी म्हणतात की आर्किटेक्टचा नकाशा, महापालिकेची परवानगी, सोसायटीचं ना हरकत पत्र आणा, मगच हातोडा लावा. दोन्ही घरं आमची, मधली भिंतही आमचीच. खरंच एवढं लागतं का? आणि घर एक झाल्यावर मेंटेनन्स एकच ना?

पाटणकर: शहर कोणतं? इमारत किती जुनी? भिंत विटेची की काँक्रीटची?

निशिगंधा: ठाणे, घोडबंदर रोड. अकरावा मजला. 2019 चं पझेशन. भिंत साधीच आहे, प्लास्टर केलेली.

रेतीगिट्टी: सोमवारचं काम आधी थांबवा, ताई. या वर्षांतले बरेच टॉवर मायवानचे आहेत. ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओततात. विटेच्या इमारतीत वजन खांब-तुळया पेलतात, मायवानमध्ये ते काम भिंतीच करतात. त्यात दारापुरतं भोकसुद्धा स्ट्रक्चरल इंजिनियरने हिशेब केल्याशिवाय पाडायचं नाही. ड्रिल मारून बघा, लाल भुकटी आली तर वीट.

चाफेकळी: आम्ही डोंबिवलीत असेच जोडले, कुणाला विचारलं नाही. काही झालं नाही.

रेतीगिट्टी: तुमची भिंत चार इंची विटेची असेल. अकराव्या मजल्यावर वरच्या सगळ्यांचं वजन असतं. त्यांचं काय?

जमाखर्च: जुनं घर विकून हे घेतलं असेल तर भांडवली नफ्यावरच्या कराचं बघा. 2014 च्या बदलानंतर सूट एकाच घरावर मिळते. 2019 पासून नफा 2 कोटींच्या आत असेल तर आयुष्यात एकदा दोन घरांवर. जोडलेले फ्लॅट एकच घर मानल्याचे निकाल आहेत, म्हणून जोडल्याचे कागद जपा.

निशिगंधा: जुनं काही विकलेलं नाही. मेंटेनन्सचं सांगा.

पाटणकर: एकच होणार नाही. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीचे नमुना नियम) सेवा शुल्क दर फ्लॅटमागे सारखं असतं. तुमचे फ्लॅट दोन, शेअर सर्टिफिकेट दोन, म्हणून शुल्कही दोन. पाणी नळांच्या संख्येवर, सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठीची राखीव रक्कम) दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का.

चाफेकळी: आमच्याकडे चौरस फुटावर घेतात.

पाटणकर: घेत असतील, पण उपविधीत तसं नाही. उपनिबंधकांकडे तक्रार केलीत तर टिकणार नाही.

ईशान्य: दुसरं मुख्य दार बंद करू नका. दोन दारं दोन दिशांना उघडत असतील तर कोणतं वापरायचं ते आधी ठरवा, वास्तुशास्त्र मानणारे म्हणतात की घराची बरकत त्यावर असते.

पाटणकर: निशिगंधाताई, दुसरा फ्लॅट कुणाच्या नावावर? कर्ज आहे का?

निशिगंधा: सासूबाईंच्या. कर्ज दोन्हींवर, बँका वेगळ्या. त्याचा भिंतीशी काय संबंध?

पाटणकर: दोन्ही फ्लॅट बँकांकडे गहाण आहेत. रचना बदलायची तर दोन्ही बँकांची लेखी संमती घ्या. नावं वेगळी आहेत तोवर सोसायटीत तुमची आणि सासूबाईंची अशी दोन मतं राहतील, तेवढा फायदा.

निशिगंधा: ड्रिल मारलं. करडी भुकटी, आणि आत सळई लागली. कंत्राटदाराला थांबवलंय. पण मुलांना रात्रीबेरात्री आजीकडे जायला घरातून वाट हवीच आहे. भिंत न फोडता, बाहेरच्या लॉबीत पार्टिशन घालून दोन्ही दारं आत घेतली तर?

रेतीगिट्टी: ती लॉबी सोसायटीची आहे. आग लागली की सुटकेची वाट तीच, ती अडवायला अग्निशमनवाले मान्यता देणार नाहीत. सेक्रेटरींकडून इमारतीचं स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागा. कधी कधी दोन फ्लॅटमधला एखादा पट्टा ब्लॉकचा भरलेला असतो, तिथे दार निघतं.

निशिगंधा: ड्रॉइंग संध्याकाळी मिळेल. फोटो टाकते. कुणाला वाचता येतं?