अनुभव धागा : ‘सही कर की मामा, मी वाचलंय’

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी भागातल्या सगळ्यांना विनंती. लिहिता-वाचता येत नाही, किंवा कागदाची भाषा येत नाही, याचा फायदा घेऊन गावातल्या वजनदार माणसांनी तुमच्या घरच्यांना फसवलं असेल तर इथं लिहा. गावाचं, माणसांचं नाव नको.

सुरुवात मी करते. वडील मराठी चौथी शिकलेले. पोथी घडाघडा वाचायचे. पण शेताचा उतारा कन्नडमध्ये, तो हातात आला की त्यांचं शिक्षण तिथंच संपायचं. सोसायटीतल्या एका पुढाऱ्यानं ‘बियाण्याच्या अनुदानाचा कागद आहे, सही कर की मामा, मी वाचलंय’ म्हणून सही घेतली. सहा वर्षांनी बहिणीच्या लग्नासाठी कर्ज मागायला गेलो, तेव्हा उताऱ्याच्या ११ नंबरच्या रकान्यात बोजा निघाला. तो रकाना कर्जाचा असतो हेसुद्धा त्या दिवशीच कळलं. आमची जमीन त्या पुढाऱ्याच्या कर्जाला तारण होती. कर्ज आम्ही फेडलं. वडिलांनी पुन्हा कशावरही सही केली नाही, माझ्या शाळेच्या अर्जावरसुद्धा नाही.

खानापूरच्या जंगलपट्टीतून

आई उद्योग खात्रीच्या, म्हणजे रोजगार हमीच्या कामाला जायची. तिचं जॉबकार्ड गावातल्या एका सदस्याच्या ट्रंकेत. का, तर ‘तुम्ही हरवाल’. २००५ च्या त्या कायद्यात कार्ड मजुराच्याच हाती असायला हवं होतं, वर्षाला १०० दिवस काम मागायचा हक्क होता, १५ दिवसांत काम दिलं नाही तर भत्ता होता. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. जेसीबीनं खणलेल्या तळ्यावर आईची हजेरी लागलेली, आणि त्यातले आठ दिवस ती तापानं अंथरुणात होती! पैसे खात्यावर आले की सदस्य तिला अंगठ्याच्या मशीनपाशी न्यायचा आणि हजारातले दोनशे हातावर ठेवायचा. आई म्हणायची, ‘देतोय नव्हं बिचारा.’ हे ‘बिचारा’ मला अजून सलतं.

पुढं बायकांनी रात्री एकत्र बसून अक्षरं गिरवली. पहिल्यांदा शिकल्या तो ६ नंबरचा फॉर्म, म्हणजे काम मागायचा अर्ज. सहा जणी पंचायतीत गेल्या. ‘ठेवून जावा’ म्हणाले. आई म्हणाली, ‘तारीख घालून पोच द्या.’ समोरच्या माणसानं आधी विचारलं, ‘तुला वाचता येतं काय?’ मग पोच दिली.

निपाणी

आजी विड्या वळायची. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, हजाराला चाळीस कट्टे. वाईट म्हणून ठेकेदार किती बाजूला काढायचा आणि पुस्तकात किती लिहायचा, ते त्यालाच ठाऊक. आजी दर हजाराला पदराला एक गाठ मारायची. गाठी सात आणि पुस्तकात साडेपाच, असं झालं की ठेकेदार पुस्तक पुढं करायचा. ‘वाच बघू.’ गाठीला पुरावा कोण मानणार? आजोबांचं तंबाखूच्या वजनाच्या चिठ्ठीचं तसंच. १९८१ च्या तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनात ते रस्त्यावर बसले होते. दुसऱ्या गावाला काय दर मिळतो ते पहिल्यांदा तिथं कळलं, असं सांगायचे.

बेळगाव, निवृत्त

मी तहसीलदार कचेरीबाहेर अर्ज लिहून द्यायचो. घरात मराठी, शाळा कन्नड. एक गोष्ट स्पष्ट लिहितो, काहींना आवडणार नाही. १९५६ पासून आपण भाषेसाठी भांडतो ते योग्यच आहे. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के आहेत तिथं नियम आणि नोटिसा त्यांच्या भाषेतही मिळाव्यात, ही केंद्राची जुनीच तरतूद आहे. ती मागत राहिलंच पाहिजे. पण माझ्या टेबलासमोर रडलेल्या माणसांना बहुतेक वेळा मराठीतूनच फसवलेलं असायचं. ‘मी वाचून सांगतो’ म्हणणारा भाऊबंदच असायचा, आणि त्याला हवं तेवढंच तो वाचायचा. पोरांना दोन्ही लिप्या वाचायला शिकवा. कन्नड वाचल्यानं मराठी जात नाही.

ग्रामसभेबद्दल थोडं

आमच्याकडं कोऱ्या पानावर आधी सह्या, ठराव मागाहून. मी बारावी झालेय, तरी दोनदा केली.

चिकोडी भाग

पंचायतीत निवडून आलेली एक बाई गल्लीत आली. ‘आक्का, कर्ज तुझ्या नावावर काढ, निम्मं माफ होतंय, हप्ता मी भरते.’ अकरा जणींनी अंगठे दिले. तीन महिन्यांनी हप्ते थांबले आणि वसुलीवाले चुलीपर्यंत आले. २०२५ साली सरकारनं वसुलीच्या जबरदस्तीवर कायदा आणला, तेव्हापासून ते दारात ओरडत नाहीत, पण कर्ज माझ्या नावावर आहेच.

कागद अजून पत्र्याच्या डब्यात आहे. मुलगी सातवीला, तिला कन्नड येतं. परवा तिनं तो पहिल्यांदा मोठ्यानं वाचला. व्याजाच्या आकड्यापाशी थांबली, माझ्याकडं बघितलं, आणि परत पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.