मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को: खरं अंतर, खरा वेळ आणि आईसाठी कोणता मार्ग?

आई पहिल्यांदाच एकटी अमेरिकेला निघाली आहे, धाकट्या बहिणीकडे. वय ७१, गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे. जाणं मे महिन्यात.

नेटवर मुंबई–सॅन फ्रान्सिस्को अंतर साधारण १३,५०० किमी दिसतं. ताशी ९०० किमी धरले तर १५ तास. पण फ्रँकफर्टमार्गे तिकिटावर सुटायची वेळ रात्री १:०० आणि पोचायची त्याच दिवशी दुपारी १२:३० आहे. दुबईमार्गे एकूण प्रवास २२ तास दाखवतात. आईला नक्की किती तास काढायचे आहेत? आणि दोन्हींतला कोणता मार्ग तिला झेपेल? कृपया जाणकारांनी सांगा, काळजी वाटते आहे.

प्रतिसाद १

ताई, तिकिटावरच्या सगळ्या वेळा त्या त्या गावच्या असतात. मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्या साडेबारा तास मागे असतं (हिवाळ्यात साडेतेरा). म्हणजे घड्याळातले साडेअकरा अधिक साडेबारा, पूर्ण २४ तास. त्यात फ्रँकफर्टपर्यंत साधारण ९, तिथे साडेतीन थांबायचं आणि पुढे साडेअकरा.

१३,५०० हे पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर. ती रेषा सैबेरियावरून आर्क्टिकमध्ये शिरते. फ्रँकफर्टमार्गे सुमारे ६,५७० आणि ९,१५० मिळून १५,७०० किमी होतात. दुबईमार्गे १,९३० आणि १३,०४०, म्हणजे १५,००० च्या आत. दुबईहून पुढची रेषा तर जवळजवळ उत्तर ध्रुवावरूनच जाते! येताना दोन्हीकडून वेळ थोडा कमी लागेल, कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात.

प्रतिसाद २

आकडेमोड बरोबर आहे, पण गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी किलोमीटर बघूच नका. सलग किती तास बसायचं ते बघा. दुबईनंतर एकाच खुर्चीत जवळपास १६ तास. माझ्या सासूबाई त्या मार्गाने आल्या तेव्हा त्यांचे पाय इतके सुजले की चपला चढेनात. परत जाताना युरोपमार्गे पाठवलं, दोन तास जास्त लागले, पण मध्ये मोकळं चालता आलं. मी डोळे मिटून फ्रँकफर्ट म्हणेन.

मात्र दोन्ही विमानं एकाच तिकिटावर हवीत, म्हणजे सामान परस्पर पुढे जातं. व्हीलचेअर बुकिंग करतानाच मागून ठेवा, नुसत्या चालण्यासाठी नाही, रांगा आणि गेट शोधण्यासाठीसुद्धा. अमेरिकेचा वैध व्हिसा असल्यामुळे फ्रँकफर्टला विमानतळाच्या आतच विमान बदलायला वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. आणि कडेची सीट घ्या, खिडकीची नको.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. १६ तास सलग हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. फ्रँकफर्टचंच करते. गोळी मात्र रोज सकाळी ८ ची आहे. प्रवासात कुठल्या सकाळी द्यायची?

प्रतिसाद २

हे तिच्या डॉक्टरांनाच विचारा, तिकीट समोर ठेवून. ते गोळी घ्यायची वेळ ठरवतील, ती भारतीय वेळेत एका कागदावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहा. आईचं मनगटी घड्याळ बहिणीच्या घरी पोचेपर्यंत बदलू नका. गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत.