अपोलोची जोडणी पद्धत खरंच चुकीची होती का?

कृत्तिका:
स्पेडेक्स या अंतराळात यानं जोडण्याच्या प्रयोगात १६ जानेवारी २०२५ रोजी इस्रोने जे दोन उपग्रह जोडले, त्या दोन्हींवर एकसारखीच यंत्रणा होती. तेव्हापासून अमेरिकेच्या अपोलो चांद्रमोहिमांतल्या पद्धतीला जो तो जुनाट म्हणतोय. मला हे साफ अमान्य आहे. चंद्राच्या कक्षेत थांबणाऱ्या कमांड मॉड्यूलच्या टोकाला प्रोब नावाचा दांडा होता आणि चंद्रावर उतरणाऱ्या लूनर मॉड्यूलच्या माथ्यावर नुसता खोलगट शंकू. हलणारे सगळे भाग कक्षेतच थांबणाऱ्या यानावर ठेवले. जे उतरून परत वर यायचं, त्याच्यावर एक किलो वाढला की तो उतरवायला इंधन, उचलायला इंधन, त्यासाठी टाक्याही मोठ्या. त्याच्या वाट्याला निव्वळ शंकू आला, हे उत्तमच झालं.

घाटवाट:
वजनाचं गणित मान्य, पण १९७१ चं अपोलो १४ विसरून कसं चालेल? चंद्राकडे निघाल्यावर कमांड मॉड्यूलचे चालक स्टुअर्ट रूसा लूनर मॉड्यूल जोडून घ्यायला गेले. दांडा शंकूत बरोबर टेकायचा, पण टोकाच्या तीन छोट्या खिट्ट्या पकडच घेईनात. पाच प्रयत्न फसले. पावणेदोन तास सगळी मोहीम लटकली! शिवाय हा दांडा येण्याजाण्याच्या बोगद्याच्या ऐन मधोमध. जोडणी झाली की दांडा आणि शंकू हाताने काढायचे, तेव्हा वाट मोकळी. दमून परतलेल्या माणसांची वाट यंत्राने अडवायची, हे मला पटत नाही.

कृत्तिका:
सहाव्या खेपेला काय केलं तेही सांगा ना. यान शंकूवर दाबून धरलं आणि दांडा आत ओढून घेतला, तशा मोठ्या कड्यावरच्या बारा खिट्ट्या थेट बसल्या. म्हणजे पर्याय रचनेतच होता. पुढे चंद्राच्या कक्षेतही तोच प्रोब पहिल्या झटक्यात जुळला.

रात्रपाळी:
वजनापायी कुठवर जायचं, याला चंद्रावर उतरण्यासाठी बनवलेल्या सोव्हिएत एलके यानाचं उदाहरण घ्या. त्यात बोगदाच नव्हता. अंतराळवीराने स्पेससूट घालून बाहेरूनच ये-जा करायची. हे अतीच झालं. उलट १९६४ मध्ये लूनर मॉड्यूलचं पुढचं जोडणीद्वार रद्द केलं आणि माथ्यावरची जोडणी दिसावी म्हणून कमांडरच्या डोक्यावर छोटी खिडकी दिली, ते मला योग्य वाटतं. वजन वाचलं, आणि पुढचं दार चौकोनी करता आल्यामुळे पाठीवरच्या प्राणवायूच्या पिशवीसकट बाहेर पडणं सोपं झालं.

घाटवाट:
पण त्या निर्णयाने जोडणीसाठी एकच दार उरलं. माथ्यावरची जोडणी फसली असती तर अपोलोच्या माणसांनाही बाहेरूनच यावं लागलं असतं. ती वाट तपासायला १९६९ मध्ये अपोलो ९ वर अंतराळवीर रस्टी श्वाइकार्ट बाहेर पडले, आणि तब्येतीमुळे तो बेतही आखडता घ्यावा लागला. आज नासाच्या ओरायन यानाची जोडणी यंत्रणा कडेच्या वर्तुळावर बसवलेली आहे, मधला बोगदा मोकळा. माणसं न्यायची असतील तर तेवढे जास्तीचे किलो मी आनंदाने मोजेन, चंद्रावरच्या दगडांची एक पेटी कमी आली तरी चालेल.