ग्रामीण विदर्भातील तरुणांनी कमाईसाठी मराठी ब्लॉग सुरू करावा का?

मोर्शीचा कास्तकार (मूळ मत)
पदवी घेऊन गावात परतलेल्या आणि केवळ वावराच्या उत्पन्नावर ज्यांचे भागत नाही, अशा आपल्या मुलामुलींनी कमाईच्या हेतूने मराठीत ब्लॉग लिहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गूगलची ब्लॉगर ही सेवा मोफत आहे, मराठी पानांवर ॲडसेन्स या गूगलच्याच जाहिरात सेवेच्या जाहिराती मिळतात आणि पैसे थेट बँक खात्यात जमा होतात. विषय मात्र आपल्या बांधावरचा हवा. आंबिया बहराची, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या फुलोऱ्याची, फळगळ सुरू झाली की मोर्शी-वरूड पट्ट्यातील संत्रा बागाईतदार मोबाईलवर उपाय शोधतो आणि पुष्कळदा वेगळ्याच जमिनीचा, वेगळ्याच हवामानाचा सल्ला त्याच्या हाती पडतो. भारी काळ्या जमिनीतील बागेचे पाणी कधी तोडायचे आणि फुलोरा यावा म्हणून झाडाला असा ताण देताना पाने कितपत मलूल होऊ द्यायची, हे ज्याने स्वतः पाहिले आहे, त्याने फोटोंसह लिहिले तर त्याला वाचक नक्की मिळेल.

आर्वीचे शिक्षक
भाऊ, हेतू चांगला आहे, पण हिशेबही मांडायला हवा. खात्यात १०० डॉलर जमल्याखेरीज ॲडसेन्स रक्कम पाठवत नाही. हजार वाचनांमागे १ डॉलर मिळेल असे धरले, आणि मराठी पानासाठी हा अंदाज उदारच म्हणावा लागेल, तरी पहिल्या रकमेसाठी १ लाख वाचने लागतात. त्यात ऑगस्ट २०२४ पासून भारतात गूगल शोधाच्या निकालांत सर्वांत वर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला सारांश दिसू लागला आहे. तेथेच उत्तर मिळाल्यावर वाचक पान कशाला उघडेल? ब्लॉगमधून कमाई शिकवणाऱ्या वर्गांचे शुल्क भरण्यासाठी घरची मुले आईच्या बचत गटातून कर्ज काढतात, तेव्हा मला फार वाईट वाटते.

वरूडची पदवीधर
गुरुजी, वर्ग लावण्याची गरजच नाही, हे मुलांना आधी सांगायला हवे. कमाई १० डॉलरवर गेली की गूगल पत्ता पडताळणीचा पिन साध्या टपालाने घरी पाठवते. तेव्हा पत्त्यात मुक्काम, पोस्ट, तालुका आणि जिल्हा नीट लिहावा, कारण तो पिन भरल्याशिवाय पैसे अडून राहतात. एवढे ज्याला जमते, त्याला बाकीचेही जमते.

मोर्शीचा कास्तकार
जाहिरातीवर घर चालेल, असे मीही म्हणत नाही. ज्या लेखामुळे विश्वास बसतो, त्याच लेखामुळे संत्र्याची कलमे, घरची तूरडाळ किंवा बागेतील माल थेट विकला जातो. गूगलचा तो सारांश सर्वसाधारण उत्तर देईल. या आठवड्यात आमच्या शिवारात किती गळ झाली, हे आमच्यापैकीच कोणीतरी लिहिल्याशिवाय त्याला कुठून कळणार?

यवतमाळची कास्तकार
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे आणि तो तीव्र आहे. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. वाचनसंख्येवर पैसा ठरला की लिहिणारा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिफारस उचलतो, तिला दोन औषधे एकत्र मिसळण्याचा स्वतःचा सल्ला जोडतो आणि वर ‘गुलाबी बोंडअळीचा तीन दिवसांत नायनाट’ असा मथळा देतो. कीटकनाशक विकायला कृषी केंद्राला परवाना लागतो; त्याच औषधाची मात्रा लाखभर लोकांना सांगणाऱ्याला काहीच लागत नाही. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, पाठीवर पंप घेऊन उतरणारा मजूर तर तो लेख वाचतही नाही. त्याचा मालक वाचतो आणि विष मजुराच्या अंगावर उडते.

मोर्शीचा कास्तकार
ताई, हा धोका खरा आहे. म्हणूनच औषधांच्या मात्रा ब्लॉगवर लिहूच नयेत आणि वाचकाला कृषी विज्ञान केंद्राकडे पाठवावे, असे मी म्हणेन. नको त्या जाहिरातदारांना आपल्या पानावर रोखण्याची सोयही ॲडसेन्समध्ये आहे.

यवतमाळची कास्तकार
जाहिरात रोखता येते, पण मथळ्याचा मोह कोण रोखणार? बहर, बाजारभाव, कलमे यांवर खुशाल लिहा आणि कमवा. त्याला माझी हरकत नाही. फवारणीच्या लेखावर मात्र एकही जाहिरात नसावी, त्यातून एक रुपयाही मिळू नये, आणि ही अट ज्याला मान्य नाही त्याने तो विषय हाती घेऊ नये.

आर्वीचे शिक्षक
ही अट मला पूर्ण मान्य आहे. कमाईबद्दलची माझी शंका मात्र कायम आहे. ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांनी हातची नोकरी किंवा शेतीचा हंगाम सोडून ती करू नये.