मदत हवी आहे: पावसाळ्यात मुलांना बाहेर कसं नेता?

आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. मुलगी सात वर्षांची, मुलगा साडेतीन. यंदा ठरवून टीव्हीचं कनेक्शन बंद केलं, निम्मी खेळणी वाटून टाकली आणि संध्याकाळ बाहेर घालवायला लागलो. उन्हाळ्यात छान जमलं. वेताळ टेकडीवर मोर दिसले, दगड गोळा झाले, घरी येऊन वरणभात खाऊन पोरं साडेआठला गाढ झोपायची. (हा आमचाही स्वार्थ!)

आता पाऊस सुरू झालाय आणि गाडी अडली. जागतिक आरोग्य संघटना तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल सांगते. फ्लॅटमध्ये ती कशी व्हायची? सोसायटीच्या पार्किंगमध्ये खेळायला बंदी. सासूबाई म्हणतात, "भिजवू नका गं, सर्दी होईल." थंडी वाजेपर्यंत ओलं ठेवत नाही, आल्यावर लगेच अंग पुसते, हे सांगून झालं. त्यांना अजून पटलेलं नाही.

माझी खरी काळजी मात्र सापांची. टेकडीवर गवत गुडघ्यापर्यंत वाढतं, आणि घोणस त्यात दिसतही नाही. मळलेली वाट सोडायची नाही, दगडाखाली हात घालायचा नाही, एवढं मोठीला समजतं. धाकट्याला कसं शिकवायचं? गमबूट घालून तो चढ चढेल का?

कोथरूड-पाषाण भागात गवत कमी, चिखल भरपूर अशी सुरक्षित जागा कुणाला माहीत आहे का? आणि आजीला राजी कसं केलंत, तेही सांगा.