मदत हवी आहे: येरवडा जेलजवळचं विमानांचं मैदान नेमकं कुठे होतं?

१५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण जुहूची ती धावपट्टी पावसाळ्यात पाण्याखाली जायची. मग विमानं, वैमानिक, मेकॅनिक असा सगळा संसार पुण्याला हलायचा आणि येरवडा जेललगतच्या एका मैदानावरून उड्डाणं व्हायची. पुण्याच्या इतिहासातलं हे पान मला फार मोलाचं वाटतं.

लोहगाव नव्हे, ते नंतर, १९३९ मध्ये, हवाई दलासाठी झालं. दोन जुने नकाशे पाहिले: जेल आहे, मैदानाची खूण नाही. जुन्या रहिवाशांना विचारलं, तर सगळे लोहगावकडेच बोट दाखवतात. आज तिथे इमारती असल्या तरी चालेल, फोटो नसला तरी चालेल. ते मैदान जेलच्या कोणत्या बाजूला होतं आणि आजच्या कोणत्या रस्त्याजवळ येतं?