अनाम सैनिकाला नाव सापडलं ते बरं झालं की नको होतं?

सांजवात
अमेरिकेत अर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत अनाम सैनिकाची समाधी आहे, म्हणजे ओळख न पटलेला एक सैनिक सगळ्यांच्या वतीने पुरलेला. तिथे व्हिएतनाम युद्धातला म्हणून 1984 ला एक सैनिक पुरला. हाती लागलेली फक्त सहा हाडं. 1998 ला समाधी उघडून डीएनए टेस्ट केली तर तो मायकेल ब्लासी निघाला, 24 वर्षांचा पायलट, 1972 ला व्हिएतनाममधल्या ‘अन लोक’ शहराजवळ विमान पडलेलं. घरच्यांनी त्याला सेंट लुईसला नेलं आणि ती जागा अजून रिकामीच आहे. माझ्या मते हे व्हायला नको होतं. अनाम सैनिक एका घरचा नसतोच हो. इटलीत 1921 ला पहिल्या महायुद्धातल्या अनोळखी सैनिकांच्या अकरा शवपेट्यांतून एक निवडायला मारिया बेर्गामास नावाच्या आईला बोलावलं, तिच्या मुलाचा पत्ताच लागला नव्हता, ती पेट्यांपुढून चालत गेली आणि मुलाचं नाव घेत मधेच कोसळली. हा माझाच असेल असं हजारो आयांना म्हणता आलं पाहिजे, त्यासाठी तो अनाम राहायला हवा.

फौजीची_लेक
अजिबात पटलं नाही. ब्लासीच्या हाडांबरोबर त्याचं ओळखपत्र सापडलं होतं, आधी कागदावर बहुधा ब्लासी असंच लिहिलेलं, ते 1980 ला काढून एक्स-26 नंबर दिला आणि पुढे तोच समाधीत गेला. ही कसली निवड, हे तर नाव हिसकावून घेणं झालं! फ्रान्सने 1920 ला कसं केलं बघा. वर्दूं या तिथल्या गावी अशाच अनोळखी सैनिकांच्या आठ पेट्या, निवडायला ऑगस्त तँ नावाचा 21 वर्षांचा शिपाई, त्याचे वडीलही युद्धात गेलेले. त्याने आपल्या 132 नंबरच्या रेजिमेंटच्या आकड्यांची बेरीज केली आणि सहाव्या पेटीवर फुलं ठेवली. आत कोण हे तिथे खरंच कुणाला माहीत नव्हतं.

सांजवात
ओळखपत्राचं मान्य, तिथे चूक झालीच. पण आपली अमर जवान ज्योत घ्या, 1972 ची, 2022 पर्यंत दिल्लीच्या इंडिया गेटखाली होती ती, उलटी बंदूक आणि वर हेल्मेट, खाली कुणीच पुरलेलं नव्हतं, तरी बघून घसा दाटायचाच ना? नाव लागतंच असं नाही.

कृष्णाकाठ
लागतं. इराकमधल्या, म्हणजे तेव्हाच्या मेसोपोटेमियातल्या, बसऱ्याच्या पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावर ब्रिटिश शिपायांची नावं कोरलीत आणि साध्या हिंदी शिपायांचा रेजिमेंटवार नुसता आकडा. आमच्या गावात पण संगमरवरी पाटी आहे, या गावातून इतके पुरुष 1914-1919 च्या महायुद्धात गेले, पैकी इतके मेले, नाव एकाचंही नाही, आणि पाटीच्या खिळ्याला लोक सायकलचं कुलूप अडकवतात. माझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ त्यातलाच, मेसोपोटेमियात गेला तो गेलाच. कुठल्या दिवशी गेला ते कळलं नाही म्हणून त्याचं पान सर्वपित्रीला ठेवतात. आजी पान वाढताना दरवर्षी त्याचं नाव मोठ्याने घ्यायची, आता आई घेते.

सांजवात
नाव काय होतं त्यांचं?

कृष्णाकाठ
बाबू. घरात बाबूतात्या म्हणतात, वय होतं एकोणीस.